एक आढे, चार चुली

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मालवण तालुक्यातल्या मसुरे गावात एखाद्या जुन्या वाडीत शिरलात, तर माडांच्या आणि फणसांच्या मधून एक लांबलचक कौलारू छप्पर दिसते. लांबून वाटते, केवढे मोठे हे घर! जवळ गेल्यावर पडवीकडे उघडणारी दारे मोजावीत. एक, दोन, तीन, कधी चार. आढे एक, वासे एका रांगेत, जोते सलग, पण चुली मात्र चार. एका भिंतीच्या अलीकडे थोरल्या भावाचा वंश आणि पलीकडे धाकट्याचा. एखाद्या दाराला कुलूप, तेही गंजलेले. कुलूप लावणारा मुंबईत, आणि त्या कुलपाच्या वरच्या कौलांतून पाणी गळते ते शेजारच्या खोलीत.

मंडळी, आज मला याच घराविषयी बोलायचे आहे. वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, देवळे, राजवाडे येतात. मसुऱ्यात किल्ला आहेच. गड नदीच्या काठावरच्या टेकडीवर सावंतवाडीच्या फोंड सावंतांनी १७०१ मध्ये बांधलेला भरतगड आहे आणि खाडीपलीकडे त्याच्याकडे पाहत उभा असलेला भगवंतगड आहे. पण माणसे ज्यात जन्मली, आजारी पडली, भांडली आणि गेली, ती साधी घरे वारशाच्या यादीत सहसा येत नाहीत.

इंग्लंडमध्ये मात्र गेल्या काही दशकांत साध्या घरांकडेही वारसा म्हणून पाहिले जाऊ लागले. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात मँचेस्टर, लिव्हरपूल, बर्मिंगहॅम या शहरांत कामगारांसाठी लाल विटांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. दोन घरांत मिळून एक भिंत, पुढे रस्ता, मागे एवढेसे परसू. विटांवरचा कर १८५० मध्ये उठला, खिडक्यांवरचा कर १८५१ मध्ये उठला आणि आगगाडीने विटा दूरवर जाऊ लागल्या. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर नगरपालिकांनी रस्त्याची रुंदी, मागची मोकळी जागा, खिडक्यांचा आकार यांचे नियम केले. म्हणून त्या रांगा एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात.

त्याच सुमारास आपल्या किनाऱ्यावरही घरांचा एक नवा नमुना घडत होता. चिऱ्याच्या भिंती आणि वर मंगलोरी कौले. या दोन घरांत साम्य दाखवायचे ते विलायतेचे कौतुक म्हणून नाही. दोन्ही घरांच्या मागे एकच कारण होते, ते म्हणजे कापडाची गिरणी. आणि दोन्ही घरांपुढे आज एकच प्रश्न आहे: जी भिंत आणि जे छप्पर सगळ्यांचे, त्याची काळजी कोणी घ्यायची?

विटेचा दगड

आधी भिंतीकडे पाहू. आपण ज्याला जांभा म्हणतो, त्याला शास्त्रात लॅटेराइट हे नाव आहे. हे नाव दिले फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने. म्हैसूर, कानडा आणि मलबार या मुलखांतून केलेल्या प्रवासाचा त्याचा वृत्तान्त १८०७ मध्ये छापून आला. केरळात अंगाडीपुरम येथे त्याने पाहिले, की लोक जमिनीतून मऊ दगड कापून काढतात, त्याला विटेसारखा आकार देतात, आणि उघड्या हवेत तो दगड कठीण होतो. लॅटिन भाषेत विटेला ‘लाटर’ म्हणतात. त्यावरून लॅटेराइट. म्हणजे जांभा हा नावानेच ‘विटेचा दगड’ झाला. अंगाडीपुरमच्या त्या जागेला पुढे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान मिळाला.

विलायतेतली वीट माणसाने भट्टीत भाजली, आपली वीट ऊन-पावसाने घडवली, एवढाच फरक. हजारो, लाखो वर्षे उष्ण हवेत धो धो पाऊस पडला आणि त्यामागून कोरडे महिने आले. पावसाच्या पाण्याने मूळ खडकातले विरघळणारे घटक वाहून नेले, सिलिकासुद्धा बराचसा गेला. मागे राहिली लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची संयुगे. लोखंडाचा गंज तो लाल रंग, आणि निघून गेलेल्या घटकांच्या जागा ती भोके. वरचा थर उन्हाने कातळासारखा कठीण होतो, त्यालाच आपण सडा म्हणतो. त्याखालचा थर ओला आणि नरम असतो. तो हत्याराने कापता येतो. कापून बाहेर ठेवला की त्यातले पाणी उडते, लोखंडाची संयुगे घट्ट होतात आणि चिरा कठीण बनत जातो.

यामुळेच जुन्या घराचा चिरा पुन्हा वापरता येतो. शंभर वर्षे हवा खाल्लेला दगड हा खाणीतून काल निघालेल्या दगडापेक्षा कमी नसतो, बहुतेक वेळा सरसच असतो. जुने घर पाडून चिरे भरावात टाकणारा माणूस काय टाकतो आहे, हे त्याने एकदा हातात घेऊन पाहावे. आणि खाणीतून नवा चिरा काढताना सड्याचा एक तुकडा कायमचा जातो, हेही लक्षात ठेवावे. ज्या सड्यांवर रत्नागिरी-सिंधुदुर्गातली प्राचीन कातळशिल्पे सापडली, तेच हे सडे.

विलायती वीट एका हाताने उचलता येते. गवंड्याच्या एका हातात थापी आणि दुसऱ्या हातात वीट, असे ते काम. चिऱ्याचे तसे नाही. त्याचे वजन वीस-तीस किलोंच्या घरात जाते, तो दोन्ही हातांनी उचलून बसवावा लागतो. म्हणून चिऱ्याची भिंत आपोआप जाड होते. मोठ्या घरांत चुन्याचा वापर होई. किनाऱ्यावर हा चुना शिंपल्यांपासून भाजून काढत. साध्या घरांत मात्र चिरे मातीतच बसवत आणि बाहेरून चुन्याच्या दर्जा भरत. ‘मातीत बांधलेली भिंत’ हे ऐकायला कमकुवत वाटते, पण डोक्यावर छप्पर शाबूत असेल तर ती भिंत चार पिढ्या हलत नाही. हा ‘तर’ फार महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येतो.

मंगलोरचे कौल

आता वर पाहू. पूर्वी कोकणातल्या साध्या घरांवर गवताचे नाहीतर चुडतांचे छप्पर असे आणि ते दर वर्षी शाकारावे लागे. थोडी ऐपत असली तर कुंभाराने चाकावर घडवलेले नळे. नळे एकमेकांत अडकत नाहीत, नुसते एकावर एक बसतात. वारा, वानर, मांजर, कशानेही ते सरकतात. म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी नळे परतणे हे घरातले मोठे काम असे.

मंगलोरी कौलाने हे बदलले. या कौलाचा मूळ नमुना युरोपातला. फ्रान्सच्या आल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलाचे पेटंट घेतले. आपल्याकडे हे तंत्र आणले बासल मिशनने. स्वित्झर्लंडमधल्या बासल शहरातल्या या संस्थेचे लोक धर्मप्रसारासाठी मंगलोरला आले होते. ज्यांनी धर्म बदलला त्यांची जुनी उपजीविका सुटली, तेव्हा त्यांना काम देण्यासाठी संस्थेने विणकामाचे आणि कौलांचे कारखाने काढले. गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याच्या पुढाकाराने १८६५ मध्ये मंगलोरला कौलांचा पहिला कारखाना सुरू झाला. नेत्रावती नदीकाठची चिकण माती त्याला उपयोगी पडली. पाठोपाठ १८६८ मध्ये अल्बुकर्क यांचा कारखाना आला, आणि मग बरेच आले.

कौलाच्या कडेला खाच असते, शेजारच्या कौलाची कड तिच्यात बसते. पाठीला छोटी उंचवटी असते, ती रिपेला अडकते. म्हणून खिळा नको, चुना नको. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौले पुरतात. नळ्यांचे छप्पर जड, त्याला लाकूड जास्त लागे. मंगलोरी कौलाने वजन कमी केले आणि वासे-रिपा मोजूनमापून घालता येऊ लागल्या. छपराला नेमका उतार आला, कडा सरळ झाल्या. किनाऱ्यावरचे जुने घर आपल्याला जे नीटनेटके दिसते, त्याचे बरेच श्रेय या मोजमापाला आहे.

ही कौले गलबतांतून बंदराबंदरांत उतरली आणि तिथून होडीने नाहीतर बैलगाडीने आतल्या गावांत गेली. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते, कधी सालही असते. आपल्या घराचे एखादे कौल उतरवले तर ते उलटे करून जरूर वाचा. मात्र त्यावरून घराचे वय ठरवण्याची घाई करू नका. घर जुने असते, कौल मागाहून बदललेले असते; किंवा उलट, पडलेल्या घराची कौले नव्या घरावर चढवलेली असतात.

मनीऑर्डरचे छप्पर

कौले विकत घ्यायची तर रोख पैसा हवा. भात, नारळ, कुळीथ यांवर चालणाऱ्या घरात रोख पैसा कुठून आला? उत्तर सगळ्यांना माहीत आहे: मुंबईहून. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि शतक संपेपर्यंत परळ, लालबाग, भायखळा हा सारा भाग धुरांड्यांनी भरला. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासह, माणसे बोटीने मुंबईला जाऊ लागली. १८८० पासून टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाली आणि गिरणीतला पगार थेट वाडीतल्या दारात येऊ लागला. चाकरमानी हा शब्द तेव्हापासून घरोघरी रुळला.

मुंबईत हा चाकरमानी राहत कसा होता? एका गावच्या मंडळींनी मिळून एक खोली घ्यायची, भाडे वाटून द्यायचे, कामाच्या पाळीप्रमाणे झोपायचे, अशा गावकऱ्यांच्या खोल्या गिरणगावात होत्या. १८९६ मध्ये प्लेग आला आणि या दाटीचे भयंकर रूप सरकारला दिसले. १८९८ मध्ये शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला, त्याने चाळी बांधल्या. पुढे १९२० नंतर बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ इमारती. लांब गॅलरी, रांगेने खोल्या, दोन खोल्यांत एक भिंत. विलायतेच्या कामगाराची रांग जमिनीवर आडवी पसरली, आपली जागेअभावी मजल्यांवर चढली.

म्हणजे मसुऱ्याच्या माणसाचे आयुष्य दोन्हीकडे सामाईक भिंतीला टेकूनच गेले. मुंबईत भिंतीपलीकडे परका होता, तो हळूहळू आपला झाला. गावात भिंतीपलीकडे आपलाच भाऊ होता. तो परका झाला की काय, हे आपापल्या घरापुरते ज्याने त्याने ठरवावे.

रांग कशी झाली

इंग्लंडमधली रांग बांधकाम करणाऱ्याने पहिल्याच दिवशी रांग म्हणून बांधली. कोकणातली रांग वाटणीने झाली. मूळ घराची रचना साधी असते. समोर सारवलेले खळे आणि तुळस. मग उंच जोते. जोत्यावर पडवी, तिच्या मागे ओटी, ओटीमागे माजघर आणि देवखोली, त्यामागे स्वयंपाकघर, आणि मागच्या दारी न्हाणी, विहीर. वर पोटमाळा, त्यावर नारळ आणि बियाणे. भावांची लग्ने झाली, मुले झाली, चुली वेगळ्या झाल्या. मग आढ्याला काटकोनात एक भिंत घातली. पडवीकडे नवे दार फोडले. मागे पाख्याचा उतार थोडा लांबवून नवे स्वयंपाकघर काढले. पुढच्या पिढीत आणखी एक भिंत. अशा रीतीने एका घराची रांग झाली. वाटणी भिंतीने केली, छपराने मात्र वाटणी कबूल केली नाही. ते एकच राहिले.

देवही एकच राहिला. पुष्कळ घरांत चुली चार असल्या तरी गणपती एकच येतो, मूळ घराच्या त्याच जागेवर. त्याच्या मागची भिंत दर वर्षी रंगवली जाते, वर माटवी बांधली जाते. गणपतीचा खर्च पाळीने, नाहीतर वर्गणीने. आंगणेवाडी हीही मसुऱ्याचीच वाडी. तिथल्या भराडीदेवीच्या जत्रेला आणि गणपतीला बंद दारांची कुलुपे निघतात. बाकीचे दहा-अकरा महिने घर आपल्या वाशांवर उभे असते.

या घराची हवामानाशी जी जुळणी आहे तीही समजून घ्यावी. लंडनला वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडे तीन हजारांच्या घरात, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. म्हणून लंडनची विटेची भिंत पावसात उघडी उभी राहू शकते, आपली नाही. आपल्या भिंतीला खोल पाखे लागतात, म्हणजे पागोळ्या जोत्यापासून दूर पडतात. जोते उंच लागते. पश्चिमेच्या वाऱ्यापावसाला पडवीच्या कडेने झापांचा आडोसा लागतो. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि जाड भिंत दुपारचे ऊन आत येऊ देत नाही. अंधाऱ्या माजघरावर एखादे काचेचे कौल बसवले की दिवा नको. यातली एकेक गोष्ट दुसरीवर अवलंबून आहे. एक काढली की बाकीच्या लंगड्या पडतात.

छप्पर आधी जाते

घर पडते कसे, याचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या वर्षी एक कौल फुटते. नारळ पडला, वानराने उडी मारली, काहीही होवो. दुसऱ्या पावसात खालची रीप कुजते, शेजारची कौले खाली सरकतात. तिसऱ्या-चौथ्या पावसात वाशाचे टोक जाते, ओल्या लाकडाला वाळवी लागते. आता पाणी भिंतीच्या माथ्यावर पडू लागते. आठवते ना, ही भिंत मातीत बांधलेली आहे? माथ्यावरून शिरलेले पाणी चिऱ्यांमधली माती धुऊन नेते. चिरा तसाच राहतो, पण त्याला धरून ठेवणारे काही उरत नाही. मग एका रात्री भिंत बसते. गावात म्हणतात, घर अचानक पडले. अचानक काहीच होत नाही. एका कौलाकडे चार-पाच वर्षे कोणी पाहिले नाही, एवढेच.

आणि ते कौल नेमके कुलूप लावलेल्या वाट्यावरचे असते. गावात राहणारा भाऊ म्हणतो, त्याच्या छपरावर मी का चढू? मुंबईचा म्हणतो, मी वर्षातून आठ दिवस येतो, मी का पैसे घालू? दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे आहे, आणि दोघांच्याही खऱ्यामधून पाणी आत येते. १९८२ च्या गिरणी संपानंतर कित्येक घरांची मनीऑर्डर थांबली, पुढे गिरण्याच बंद पडल्या. जे छप्पर त्या पैशावर उभे होते, त्याचा पाठिंबा गेला. आजची मुंबईची पिढी कमावते पुष्कळ, पण गावच्या घरातला तिचा वाटा कधी एका खोलीचा, कधी अर्ध्या खोलीचा. अर्ध्या खोलीसाठी जीव कोण टाकणार?

दुसरा धोका दुरुस्तीचाच. चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की घर नवे दिसते. पण चिरा पाणी शोषतो आणि सोडतो. चुना आणि माती त्या ओलीला बाहेर पडू देतात, सिमेंट देत नाही. ओल आत कोंडते, वर चढते, आणि काही वर्षांनी गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, त्याच्याबरोबर चिऱ्याचा पृष्ठभागही येतो. तीच गोष्ट स्लॅबची. स्लॅब वाईट नव्हे. पण खाऱ्या हवेत काँक्रीटमधल्या सळ्या गंजतात, फुगतात आणि काँक्रीट फोडतात. कौल फुटले तर एक बदलता येते, स्लॅब तसा सुटा बदलता येत नाही.

आढ्याची पाळी

या बाबतीत कायदा काय म्हणतो? गंमत अशी, की राहत्या घराच्या वाटणीचा आपला कायदाही त्याच काळातला, १८९३ चा. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा एखाद्या परक्याने विकत घेतला आणि त्याने वाटणीचा दावा लावला, तर कुटुंबातल्या हिस्सेदाराला न्यायालय ठरवील त्या किमतीला तो हिस्सा घेण्याचा हक्क त्याच्या चौथ्या कलमाने दिला आहे. घर परक्याच्या हाती जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी. दुसरी गोष्ट २००५ ची. त्या वर्षीच्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि पुरुष वारसांनी वाटणी केल्याशिवाय मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती, ते कलमही गेले. म्हणून आता घराविषयी बसून बोलायचे असेल तर सासरी गेलेल्या बहिणींनाही बोलवावे लागते, आणि बोलवावेच. पुष्कळदा घराची खरी ओढ त्यांनाच असते.

पण कायदा हिस्से सांगतो, कौल कोणी बदलायचे ते सांगत बसत नाही. इंग्लंडने हा प्रश्न फार आधी हाताळला. १६६६ मध्ये लंडन जळले, त्यानंतर १६६७ च्या कायद्यात शेजाऱ्यांमधल्या सामाईक भिंतीचे नियम आले. आज तिथे १९९६ चा सामाईक भिंतींचा स्वतंत्र कायदा आहे: शेजाऱ्याला नोटीस द्यायची, तो सहमत नसेल तर जाणकाराकडून निवाडा करून घ्यायचा, मग हात लावायचा. तरीही तिथल्या रांगा सुखरूप राहिल्या असे नाही. लिव्हरपूलमध्ये वेल्श नावांच्या गल्ल्यांतली १८७० च्या दशकातली शेकडो घरे या शतकाच्या आरंभी पाडण्यासाठी रिकामी केली गेली. त्यांतल्याच एका घरात बीटल्सचा रिंगो स्टार जन्मला होता. वर्षानुवर्षे वाद चालला. २०१५ मध्ये सरकारने पाडकामाला परवानगी नाकारली आणि पुढे त्यांतली बरीच घरे दुरुस्त होऊन त्यांत पुन्हा माणसे राहायला आली. काही ठिकाणी दोन अरुंद घरे जोडून एक केले. घर वाचले ते जसेच्या तसे काचेत ठेवून नाही, पुन्हा राहण्याजोगे करून.

मुंबईत वारसा इमारतींसाठी १९९५ पासून नियमावली आहे. गोव्यात तोर्डा येथे वास्तुरचनाकार जेरार्ड द कुन्हा यांनी गोव्याच्या घरांचे संग्रहालयच उभे केले. मसुऱ्यातल्या रांगेच्या घराला असे कवच नाही. ते वाचायचे तर त्याच्या चार चुलींनीच वाचवायचे. आणि त्यासाठी नवीन काही शोधावे लागत नाही. गणपतीची पाळी असते ना? तशीच आढ्याची पाळी लावावी.

म्हणजे काय करावे? गणपतीत सगळे जमतात, तेव्हा आरती झाल्यावर एक तास घरासाठी ठेवावा. चारही वाट्यांचे छप्पर एक धरावे. कोणाच्या खोलीवरचे कौल, हा प्रश्नच विचारू नये. वर्षाची ठरावीक रक्कम प्रत्येकाने द्यावी. जो राहतो त्याने देखरेख करावी, जो राहत नाही त्याने थोडे जास्त द्यावे. कुलूप लावणाऱ्याने एक किल्ली गावातल्या भावाकडे ठेवावी, आणि ‘छप्पर दुरुस्त केले म्हणून वाट्यावर हक्क सांगणार नाही’ असे त्या भावाने लिहून द्यावे. पुष्कळ ठिकाणी किल्ली अडते ती याच भीतीने. कागद केला की भीती जाते. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत, तेही त्याच बैठकीत एकदा वाचून घ्यावे.

मग कामाचे. वैशाखात, पावसाच्या आधी, एक माणूस छपरावर चढवावा. प्रत्येक कौल टिचकी मारून पाहता येते. खणखणीत आवाज आला तर चांगले, बद्द वाजले तर आत चीर आहे. एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसतेच असे नाही, म्हणून शेजारपाजारी जुने घर उतरत असेल तर आपल्या छापाची शंभर-दोनशे कौले घेऊन मांगरात रचून ठेवावीत. अनेक जुने कारखाने बंद पडले, उद्या ती मिळतीलच असे नाही. जोत्याला लागून माती साचली असेल तर काढावी. भिंतीला लागून उगवलेला पिंपळ बोटाएवढा असतानाच उपटावा. दर्जा भरायच्या तर चुन्यात भराव्यात. न्हाणीघर, संडास, नळ या आजच्या गरजा आहेत, त्या नाकारून घर टिकत नाही. पण त्या मागच्या बाजूला, स्वतंत्र पाख्याखाली कराव्यात, म्हणजे मूळ भिंतीत पाणी मुरणार नाही.

आणखी एक सांगावेसे वाटते. घर वाचवणे शक्यच नसेल, भाऊबंद एकत्र येतच नसतील, तर निदान त्याची नोंद करावी. कोणती खोली कोणाची होती, विहीर कधी खणली, कोणत्या बाळंतपणाला कोणता कोपरा होता, लाकूड कोणत्या फणसाचे होते, हे सांगणारी माणसे अजून आहेत. चार फोटो, एक हाताने काढलेला नकाशा आणि म्हाताऱ्या आत्येचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित केलेले, एवढे केले तरी पुढच्यांना आपले घर कसे उभे होते ते कळेल.

चिऱ्याला घाई नसते. जमिनीखाली लाखो वर्षे वाट पाहून तो भिंतीत आला आहे, अजून शंभर वर्षे तो सहज उभा राहील. त्याची अट एकच, डोके कोरडे ठेवा. चार घरांनी मिळून एक छप्पर सांभाळायचे आहे. येत्या चतुर्थीला चारही दारे उघडतील, तेव्हा सगळ्यांनी एकदा मान वर करून आढ्याकडे पाहावे आणि यंदाची पाळी कोणाची, ते तिथेच ठरवावे.